गॅल्व्हानी ते वाळूज : कायमच्या चुंबकाविना फिरणाऱ्या मोटारीचा इतिहास

जुलै २०२५ मधली गोष्ट. बजाज ऑटोचे व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांनी एक इशारा दिला. चीनकडून येणाऱ्या चुंबकांची कोंडी फुटली नाही, तर ऑगस्टमध्ये कंपनीच्या विजेवरच्या गाड्यांचे उत्पादन शून्यावर येऊ शकते, असे ते म्हणाले. पुढे पुरवठा सावरला आणि बातमी मागे पडली. पण १९८५ पासून वाळूजच्या बजाज कारखान्याभोवती ज्या शहरातल्या हजारो चुली पेटत आल्या आहेत, तिथे अशी बातमी नुसती बातमी राहत नाही. आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, चहाच्या टपरीवर त्या दिवसांत चुंबकाचीच चर्चा होती.

माझा एक जुना विद्यार्थी मोटार वाइंडिंगचे दुकान चालवतो. दहावीनंतर आयटीआय, मग मामाच्या दुकानात उमेदवारी आणि आता स्वतःचे दुकान. मगरिबनंतर मी कधी कधी त्याच्याकडे बसतो. त्या दिवशी त्याने विचारले, "सर, पेपरात लिहिलंय की चुंबक नसेल तर गाडीची मोटार बनत नाही. पण मी रोज विहिरीवरच्या मोटारी खोलतो. त्यात चुंबक कुठं असतो?"

मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस. माझ्याकडे उत्तर नव्हते. मग त्यानेच पुढे सांगितले की एक मोटार अशीही असते, जिच्या फिरणाऱ्या भागात चुंबक नाही, तांब्याची तारही नाही. नुसते दात कापलेले लोखंड. नाव विचारले तर म्हणाला, "स्विच्ड रिलक्टन्स."

शब्दांचा मास्तर असल्याने मी त्या शब्दालाच आधी अडकलो. रिलक्टन्स म्हणजे नाखुशी, टाळाटाळ. उर्दूत त्याला 'गुरेज' म्हणता येईल. कसीद्यात शायर प्रस्तावना सोडून स्तुतीकडे वळतो, त्या वळणालाही गुरेजच म्हणतात. टाळणे आणि वळणे दोन्ही अर्थ एकाच शब्दात. ही मोटारही हवेची टाळाटाळ आणि लोखंडाची ओढ यांच्या जोरावरच वळते, हे मला नंतर कळले.

लोखंडाची ओढ

चुंबकीय रेषांना लोखंडातून जाणे सोपे वाटते, हवेतून जाणे नकोसे. मध्ये हवेची फट असेल तर ती कमी व्हावी म्हणून जवळचे लोखंड ओढले जाते. विजेच्या चुंबकाकडे खिळा धावतो तो यामुळेच.

आता कल्पना करा. बाहेरच्या स्थिर कड्याला आत वळलेले सहा दात आहेत आणि प्रत्येकावर तारेचे वेटोळे आहे. समोरासमोरच्या दोन वेटोळ्यांची एक जोडी, अशा तीन जोड्या. मधोमध फिरणाऱ्या लोखंडाला चार दात. एका जोडीत वीज सोडली की जवळचे दोन दात ओढले जाऊन बरोबर समोर येतात. त्या क्षणी वीज तोडायची आणि पुढच्या जोडीत सोडायची. दर ओढीला मोटार ३० अंश सरकते. १२ ओढी म्हणजे एक फेरा.

गंमत आणि अडचण, दोन्ही त्या 'क्षणी' या शब्दात आहेत. मुले गोल करून उभी राहतात आणि धावणाऱ्या गड्याला एकेक जण हात धरून पुढे ओढतो, तसा हा खेळ. गडी समोर आला की हात सोडलाच पाहिजे. सोडला नाही तर तोच हात त्याला मागे खेचतो. गडी वेगात असेल तर हात आधीच पुढे करावा लागतो आणि आधीच सोडावाही लागतो, कारण वेटोळ्यात वीज भरायला आणि उतरायला वेळ लागतो. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या अशा मोटारीत हा हात सेकंदाला ६०० वेळा बदलतो. फिरणारा भाग नेमका कुठे आहे हे ठाऊक नसेल, तर मोटार जागच्या जागी थरथरत राहते.

म्हणजे ही मोटार बनवायला सोपी आणि चालवायला अवघड. तिचा सगळा इतिहास या एका वाक्यात आहे.

ॲबरडीनचा डेव्हिडसन

१८२० मध्ये ओर्स्टेडने विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलताना पाहिली. १८२५ च्या सुमारास स्टर्जनने विजेचा चुंबक केला. मग युरोप-अमेरिकेत जो तो विजेने काहीतरी फिरवून पाहू लागला. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनचा रॉबर्ट डेव्हिडसन त्यांतलाच एक. व्यवसायाने तो रसायने बनवणारा होता. १८३७ च्या सुमारास त्याने बॅटरीवर चालणाऱ्या गाडीचा नमुना केला आणि १८४२ च्या सप्टेंबरात 'गॅल्व्हानी' नावाचे मोठे इंजिन एडिंबरो-ग्लासगो रेल्वेच्या रुळांवर उतरवले.

या इंजिनाच्या आसांवर लाकडी दंडगोल होते आणि त्यांवर लोखंडी पट्ट्या बसवलेल्या होत्या. बाजूचे विजेचे चुंबक त्या पट्ट्यांना पाळीपाळीने ओढत. आसाबरोबर फिरणारे संपर्क वीज जोडत आणि तोडत. कायमचा चुंबक कुठेही नव्हता. आज ज्याला स्विच्ड रिलक्टन्स म्हणतात, त्याचे तत्त्व हेच. आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला वाफेची पहिली गाडी धावायला तेव्हा ११ वर्षे बाकी होती.

गॅल्व्हानी चालले, पण ताशी सुमारे ४ मैलांच्या वेगाने. झपझप चालणारा माणूस त्याच्याबरोबर राहिला असता. बॅटरीत जस्त खर्ची पडे आणि जस्ताच्या मानाने कोळसा फारच स्वस्त होता. वाफेच्या इंजिनावर पोट असलेल्या कामगारांनी ते इंजिन मोडून टाकले, असेही सांगतात. कामगारांनी मोडले नसते तरी हिशेबाने ते मोडीत निघालेच असते.

आणखी एक अडचण त्या संपर्कांतच होती. वेटोळ्यातली वीज अचानक तोडली की साठलेली ऊर्जा ठिणगी होऊन बाहेर पडते आणि संपर्क जळत जातात. शिवाय तोडण्याची वेळ लाकूड-धातूच्या जोडणीत एकदा ठरली की ठरली. वेग बदलला तरी ती बदलत नाही. डेव्हिडसनची कल्पना बरोबर होती. ती चालवणारा हात मात्र त्या काळाकडे नव्हता.

डेव्हिडसन १८९४ पर्यंत जगला. म्हाताऱ्या डोळ्यांनी त्याने विजेच्या रेल्वेचे युग सुरू झालेले पाहिले. पण त्या गाड्या वेगळ्या मोटारींवर धावत होत्या. १८८८ मध्ये निकोला टेस्लाला इंडक्शन मोटारीची पेटंटे मिळाली. या मोटारीला क्षण साधावा लागत नाही. येणारी वीज स्वतःच दिशा बदलत असते आणि त्यातूनच फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. मराठवाड्यातल्या विहिरी-बोअरवर चालते ती बहुतेक करून हीच मोटार. माझ्या विद्यार्थ्याला तिच्यात चुंबक सापडत नाही, त्याचे कारण हे.

हात सापडला

पुढचे वळण कारखान्यात नाही, अर्धवाहकांत आले. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने थायरिस्टर तयार केला. मोठी वीज सिलिकॉनच्या तुकड्याने चालू करणे शक्य झाले. हलणारा भाग नाही, झिजणारा संपर्क नाही. त्यानंतर आणखी सोयीचे, हवे तेव्हा बंदही होणारे स्विच आले. आजच्या मांडणीत प्रत्येक जोडीला सहसा दोन स्विच आणि दोन डायोड असतात. वीज तोडली की वेटोळ्यातली ऊर्जा ठिणगीत वाया न जाता परत पुरवठ्याकडे जाते. डेव्हिडसनचे संपर्क जाळणारी ऊर्जा आता कामाला येते.

जून १९६९ मध्ये ब्रिटनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात एक छोटा, दोन पानी निबंध आला. त्याच्या शीर्षकातच 'स्विच्ड रिलक्टन्स मोटर' हे शब्द होते. लेखक होते एस. ए. नासर, म्हणजे सय्यद नासर. विद्युत यंत्रांवरची त्यांची पाठ्यपुस्तके पुढे जगभरच्या विद्यार्थ्यांनी वापरली. केंटकी विद्यापीठात ते प्राध्यापक होते.

हे नाव वाचले आणि खरे सांगतो, मी खुश झालो. लगेच मोबाइल उचलला आणि गटावर टाकायला चार ओळी लिहिल्यासुद्धा. मग पुसल्या. आपल्याला ही सवय लागली आहे. विज्ञानाच्या इतिहासात आपल्यातले नाव सापडले की आपण हार घालून मोकळे होतो. १२०६ मध्ये अल-जझारीने यंत्रांवरचा ग्रंथ पुरा केला, हे आपण प्रत्येक जलशात सांगतो. पण त्यातले एक यंत्र कसे चालते ते विचारले तर गप्प बसतो. नासर यांनी ही मोटार शोधली नाही. एका ॲबरडीनकराची सोडून दिलेली कल्पना नव्या साधनांच्या उजेडात पुन्हा पाहणाऱ्यांपैकी ते एक होते. त्यांचा मोठेपणा नावात नाही, त्या पुन्हा पाहण्यात आहे.

१९८० मध्ये लीड्स विद्यापीठातले पीटर लॉरेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सविस्तर निबंध लिहून दाखवून दिले की नीट आखणी केली आणि वीज नेमक्या क्षणी सोडली-तोडली, तर ही मोटार इंडक्शन मोटारीच्या तोडीला उभी राहू शकते. त्याच वर्षी त्यांनी कंपनीही काढली. भारतीय वंशाचे कृष्णन रामू यांनी अमेरिकेत व्हर्जिनिया टेकमध्ये या मोटारींवर काम केले. २००१ मधले त्यांचे पुस्तक या विषयाच्या अभ्यासकांना परिचित आहे. एकाने सुरू केले, दुसऱ्याने उचलले, तिसऱ्याने पुरे केले. यात कुणाची जात-जमात विचारायची?

मग ती सगळीकडे का नाही?

दोन कारणे. पहिले तिच्या स्वभावात आहे. ओढ-सोड, ओढ-सोड अशी ती चालते, म्हणून तिच्या जोरात हिसके असतात. दात ओढला जातो तेव्हा बाहेरचे कडेही किंचित आत दबते आणि सोडले की परत उसळते. त्यातून आवाज निघतो. दातांची रुंदी, फटीचे माप, विजेच्या प्रवाहाचा आकार यांवर काम करून तो कमी करता येतो. पण त्याला मेहनत लागते.

दुसरे कारण बाजारात आहे. १९८३ मध्ये जपानच्या सुमितोमोने आणि अमेरिकेच्या जनरल मोटर्सने स्वतंत्रपणे निओडिमियमचा चुंबक जाहीर केला. लहानसा, पण ताकद जबर. त्याने मोटार हलकी, शांत आणि काटकसरी झाली. जगाने सोपा रस्ता धरला आणि त्या रस्त्यावरचा नाका चीनच्या ताब्यात गेला. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मीळ मृदा धातूंवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली, तेव्हा त्या सोपेपणाची किंमत कळली. उष्णता सोसण्यासाठी चुंबकात घालतात ते डिस्प्रोसियम आणि टर्बियम त्याच यादीत होते.

लोखंडाच्या मोटारीला यांपैकी काही लागत नाही. ती तापली तरी चुंबक मरण्याची भीती नाही. एक जोडी निकामी झाली तरी उरलेल्या दोन तिला बरेचदा रेटत नेतात. ती सगळ्या चुंबकांची जागा घेईल असा दावा मी करणार नाही. पण पर्याय असणे आणि तो चालवता येणे, हेसुद्धा एक स्वातंत्र्य आहे.

२०२४ मध्ये एथर एनर्जी आणि टोयोटा किर्लोस्कर यांनी बिडकीनच्या औरिक वसाहतीत विजेच्या गाड्यांसाठी कारखाने उभारण्याचे जाहीर केले. आपल्या वस्त्यांमधली मुले तिथे कोणत्या दाराने आत जाणार, हा माझा प्रश्न आहे. वाइंडिंगची दुकाने चालवणाऱ्या या पोरांच्या बोटांत तांब्याची तार कशी भरावी याचे ज्ञान आहे. पण नव्या मोटारीचे अर्धे ज्ञान तारेत नसते, वीज कधी सोडायची याच्या हिशेबात असते. तो हिशेब त्यांना मराठीत किंवा उर्दूत समजावून कोण देणार? आम्ही भाषेचे मास्तर शायरांवर पानेच्या पाने लिहितो. त्यातली दोन पाने इकडे वळवली तर भाषेचे काही बिघडणार नाही.

आपल्या पाणचक्कीवर शाळेची सहल नेतो, तेव्हा मीही मुलांना बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहची महती सांगत आलो आहे. दूरच्या डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून इथवर आणले, उंचावरून चाकावर सोडले आणि त्यावर फकिरांसाठी पीठ दळले. पण नळातले पाणी खांबावर कसे चढते, हे एका मुलीने विचारले तेव्हा मला सांगता आले नव्हते. आता विज्ञानाच्या सरांना बरोबर नेतो.

गेल्या महिन्यात विद्यार्थ्याने दुकानात बोलावले. भंगारातल्या स्टॅम्पिंगमधून त्याने सहा दातांचे कडे आणि चार दातांचा रोटर कापून घेतला होता. वेटोळी स्वतः भरली होती. दात कुठे आहे ते ओळखायला आसावर चकती बसवली होती आणि वीज सोडायला एक आर्डुइनोचा बोर्ड. पहिल्यांदा बटण दाबले तर मोटार जागच्या जागी थरथरली. त्याने लॅपटॉपवर आकडा बदलला, पुन्हा दाबले. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती फिरली. आवाज इतका की शेजारचा शिंपी उठून आला.

"सर, आवाज कमी करायचाय," तो म्हणाला. "त्यावर इंग्रजीत एक लेख सापडलाय. तुम्ही वाचून सांगाल?"

पाने छापून घेतली आहेत. सध्या रोज इशानंतर एक पान वाचतो.