चार अटी आणि एक शिट्टी

परवा वडिलांची जुनी ट्रंक आवरताना एक पिवळा पडलेला कागद हाती लागला. आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकाचा हिशोब, साल १९८६. आम्ही चंदगड तालुक्यातले. आमच्याकडे जत्रेला गावातली पोरं नाटक बसवायची आणि स्त्री भूमिकेसाठी बेळगावहून किंवा कोल्हापूरहून एखादी नटी ठरवून आणायची. त्या मंडळाचा हिशोब वडिलांकडे असे. कागदाच्या एका बाजूला मांडव, पडदे, कर्णा, रंगभूषा असा खर्च होता. मागच्या बाजूला त्या बाईंनी घातलेल्या चार अटी वडिलांच्या अक्षरात लिहिलेल्या होत्या.

मुक्काम बायकामाणसं असलेल्या घरी. सोबत आई येईल, तिचंही गाडीभाडं. निम्मे पैसे इसार, उरलेले पहिला पडदा उघडण्याआधी. आणि चौथी अट: कुणाला बक्षीस द्यायचं असेल तर ते निवेदकाकडे द्यावं, स्टेजवर येऊन हातात देऊ नये.

या अटींवरून त्या वेळी गावात झालेली चेष्टा मला आठवते. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. पारावर बसून मोठी माणसं म्हणायची, "काय हे नखरे! एका रात्रीचं काम, आणि थाट राणीचा!" आम्ही पोरंही हसायचो.

कागद वाचला आणि मला मालिकांमधल्या नटनट्यांच्या बातम्या आठवल्या. अमकीने करारात घातलं की संध्याकाळी सातनंतर थांबणार नाही. तमका म्हणे स्वतःचाच रंगभूषाकार आणतो. मालिकेने वीस वर्षांची उडी घेतली तर पांढरे केस लावून तरण्या मुलांची आई होणार नाही, असं कुणी आधीच लिहून घेतं. आपण चहा पिता पिता हे वाचतो आणि पारावरच्या माणसांसारखंच हसतो. पण हे नखरे आले कुठून, हे पाहायला गेलं तर गोष्ट बरीच मागे जाते.

सुरुवात कोल्हापुरातूनच करू. मास्टर विठ्ठल हे मूकपटांचे मोठे नायक. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून त्यांनी सुरुवात केली आणि मुंबईच्या शारदा कंपनीत ते नावारूपाला आले. त्या काळी नट महिन्याच्या पगारावर कंपनीशी बांधलेला असे. आर्देशीर इराणींनी 'आलम आरा' काढायला घेतला तेव्हा मास्टर विठ्ठल शारदा सोडून तिकडे गेले. कंपनीने करारभंगाचा दावा लावला. त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते बॅरिस्टर महंमद अली जीना! खटला मास्टर विठ्ठलांनी जिंकला आणि १४ मार्च १९३१ ला पहिला भारतीय बोलपट पडद्यावर आला. काम सोडून दुसरीकडे जाता यावं, एवढंच त्यांचं मागणं. आज ते किती साधं वाटतं!

दुसरी गोष्ट शांता आपट्यांची. 'कुंकू'मधली नीरा जरठ नवऱ्याला नवरा मानायला नकार देते. १९३७ च्या त्या चित्रपटाने शांताबाई देशभर गाजल्या. दोनच वर्षांनी, जुलै १९३९ मध्ये, करार आणि पगाराच्या वादावरून त्या पुण्यात प्रभात कंपनीच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. एवढी मोठी नटी स्वतःच्याच स्टुडिओच्या दारात उपाशी! लोकांना तेव्हा तो तमाशा वाटला असणार. पुढच्याच वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिलं. स्टुडिओ म्हणजे राबण्याची जागा आहे आणि नटाचं शरीरही थकतं, हे त्यात एका नटीनेच सांगितलेलं आहे.

तुम्ही म्हणाल, हे सिनेमाचं झालं, मालिकांचं काय? तर तिथेही आमचा तालुका आडवा येतोच. ताम्रपर्णीकाठच्या कोवाडचे रणजित देसाई आमच्या चंदगड तालुक्यातले. त्यांच्या 'स्वामी'वरची मालिका १९८७ मध्ये दूरदर्शनवर आली. गजानन जागीरदारांचं दिग्दर्शन, रवींद्र मंकणी माधवराव आणि मृणाल देव (आताच्या मृणाल कुलकर्णी) रमाबाई. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या पडवीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसायची. तेव्हाची मालिका आठवड्यातून एकदा लागे आणि ठराविक भागांत संपे. नटाला आपलं काम कधी संपणार ते माहीत असे.

नव्वदीच्या शेवटी 'दामिनी' आली आणि रोजच्या मालिकांचं युग सुरू झालं. 'चार दिवस सासूचे' तर २००१ ते २०१३ अशी चालली. तीन हजारांवर भाग! रोज एक भाग दाखवायचा म्हणजे रोज एक भाग तयार व्हायला हवा. बारा तासांची पाळी ही रीत झाली, ती लांबायचीही. पैसे हातात येणार काम केल्यावर नव्वद दिवसांनी. मालिका कधी संपेल, आपलं पात्र कधी मरेल, हे नटाला ठाऊक नाही. करार मात्र सांगतो की या काळात दुसरी मालिका करायची नाही.

अमेरिकेतही वेगळं काही नव्हतं. साबणाच्या कंपन्यांनी १९३० च्या दशकात रेडिओवर मालिका पुरस्कृत केल्या, म्हणून 'सोप' हे नाव पडलं. तिथल्या नटांचे करार वर्षांचे दिसतात, पण कंपनीला दर तेरा आठवड्यांनी नटाला काढून टाकण्याची मुभा असे. नटाला तशी मुभा नाही.

आता ते नखरे पुन्हा वाचून बघा. सातनंतर थांबणार नाही, कारण घरी लहान मूल आहे. आईची भूमिका नको, कारण एकदा केस पांढरे केले की पुढचं कामही आईचंच येतं. मराठी नटाची हमखास अट म्हणजे नाटकाच्या तारखा सोडा. मालिका उद्या बंद झाली तरी नाटक राहतं, म्हणून. 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडे आणि 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरजवळ वसगडेत चित्रित झाली. अशा चित्रीकरणात महिन्यातून काही दिवस घरी जाऊ द्या, हेसुद्धा मागून घ्यावं लागतं. नोव्हेंबर २००८ मध्ये मजुरीच्या वादातून हिंदी मालिकांचं चित्रीकरण थांबलं आणि आठवड्याहून जास्त दिवस लोकांनी जुनेच भाग पाहिले. तेव्हा कुठे घराघरात कळलं की या सासवा-सुनांच्या मागे कुणीतरी मजुरीवर काम करतंय.

सगळ्यात अवघड गोष्ट २०२० ची. टाळेबंदीनंतर चित्रीकरणाला परवानगी मिळाली, पण पासष्टच्या वरच्या कलाकारांना बंदी. सत्तरीचा एक कलाकार उच्च न्यायालयात गेला. त्याचं म्हणणं, पोट याच कामावर आहे. ऑगस्टमध्ये न्यायालयाने ती बंदी रद्द केली. पुढच्याच महिन्यात, २२ सप्टेंबरला, आशालता वाबगावकर साताऱ्यात गेल्या. 'आई माझी काळुबाई' या मालिकेचं चित्रीकरण चालू असताना त्यांना कोरोनाची लागण झाली होती. वय ७९. काम मागायचा हक्क खरा आणि कामावर जीव सांभाळला जावा हाही हक्क खरा. त्या वर्षी कलाकारांच्या संघटनेने २५ लाखांचा विमा मागून घेतला तेव्हा मात्र त्याला कुणी नखरा म्हटलं नाही.

१२ मार्च १९११ ला, 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, बालगंधर्वांची लहान मुलगी गेली आणि तरीही ते रंगमंचावर उभे राहिले. ही गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगतो. त्यांचा मोठेपणा मोठाच. पण मला हल्ली वाटतं, त्या गोष्टीमुळे आपल्या मनात एक मोजपट्टी बसली. जो काही मागत नाही तो खरा कलावंत, आणि जो सुट्टी मागतो तो नखरेल.

असो. पुन्हा त्या कागदाकडे येतो. चार अटींपैकी तीन वडिलांनी पाळल्या, तशा खुणा आहेत. चौथ्या अटीपुढे खूण नाही. त्या रात्री दुसऱ्या अंकात एकजण नोट घेऊन थेट स्टेजवर चढला आणि बाईंच्या हाताला धरूनच ती देऊ लागला. त्या हात सोडवून घेऊन, पाठ फिरवून आपलं वाक्य बोलत राहिल्या. समोर शिट्ट्या वाजल्या. त्यात एक माझी होती.

पुढच्या वर्षी वडील त्यांना ठरवायला बेळगावला गेले आणि हात हलवत परत आले. पारावर कुणीतरी म्हणालं, "बघा, केवढ्या त्या अटी!" वडील एवढंच म्हणाले, "चारच होत्या. त्याबी आपल्याला झेपल्या न्हाईत."

कागद मी परत ट्रंकेत ठेवला नाही. इथे टेबलावरच आहे.