विनोबा भावे यांचा गृहत्याग (१९१६)

विनोबा भावे यांचा गृहत्याग ही विनायक नरहर भावे (११ सप्टेंबर १८९५ – १५ नोव्हेंबर १९८२) यांच्या आयुष्यातील निर्णायक घटना होय. मार्च १९१६ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, ब्रह्मज्ञानाच्या शोधार्थ त्यांनी घर सोडले.

== पार्श्वभूमी ==
विनोबांचा जन्म पनवेलशेजारच्या पेण तालुक्यातील गागोदे या गावी झाला. हा भाग तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता. आज तो रायगड जिल्ह्यात मोडतो. आजोबा शंभुराव व्रतस्थ वृत्तीचे आणि आई रुक्मिणीबाई भक्तिपरायण होत्या, तर बडोद्यास नोकरी करणारे वडील नरहरपंत आधुनिक विज्ञानाकडे ओढा असलेले होते. विनोबांच्या गणितप्रेमाचा आणि श्रद्धेचा उगम या दोन प्रवाहांत शोधता येतो. लहानपणीच त्यांनी ब्रह्मचर्याचा संकल्प केला होता. बडोद्यास असताना त्यांनी आपली प्रमाणपत्रे आईसमोर चुलीत जाळली.

== काशीतील वास्तव्य ==
इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरले. परीक्षेस न जाता अन्यत्र जात असल्याचे वडिलांना पत्राने कळवून ते भुसावळमार्गे काशीस गेले. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या : साधनेसाठी हिमालय आणि सशस्त्र क्रांतीसाठी बंगाल. काशी या दोहोंच्या वाटेवर होती. तेथे ते अन्नछत्रात जेवत, ग्रंथालयात संस्कृत ग्रंथ वाचत आणि सायंकाळी गंगाकाठी बसत. बरोबर आलेल्या दोन मित्रांपैकी एकाचा काशीतच आजारपणात मृत्यू झाला.

या काळातील एक आठवण विनोबांनीच सांगितली आहे. द्वैती व अद्वैती पंडितांच्या वादसभेत अद्वैत पक्षाचा विजय जाहीर झाला, तेव्हा वादाला उभे राहणे म्हणजेच द्वैत मान्य करणे, सबब अद्वैती हरले, असे त्यांनी उठून सांगितले. पांडित्याविषयीचा त्यांचा भ्रमनिरास या प्रसंगातून जाणवतो.

== गांधींची भेट ==
फेब्रुवारी १९१६ मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात मोहनदास गांधी यांनी केलेल्या भाषणाचा वृत्तान्त विनोबांच्या वाचनात आला. त्यांनी गांधींना पत्राने शंका विचारल्या. उत्तर आले; पुढच्या शंकांना मात्र प्रत्यक्ष येऊन भेटण्याचे निमंत्रण मिळाले. ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळील कोचरब आश्रमात ही भेट झाली. गांधी त्या वेळी भाजी चिरत होते. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती आपल्याला एकाच ठिकाणी सापडली, असे विनोबा पुढे सांगत.

== वाई आणि नंतर ==
आश्रमप्रवेशाने अध्ययन संपले, असा समज चुकीचा ठरेल. १९१७ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते वाईस गेले आणि प्राज्ञपाठशाळेचे नारायणशास्त्री मराठे (पुढे केवलानंद सरस्वती) यांच्याजवळ उपनिषदे, ब्रह्मसूत्रे व शांकरभाष्य शिकले. मुदत संपताच ते आश्रमात परतले.

घराशी असलेले नाते तुटले नव्हते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत आई आजारी पडल्यावर ते बडोद्यास गेले. तिचे अंत्यसंस्कार पुरोहिताकडून न करता आपण स्वतः करावेत, हा त्यांचा आग्रह घरी मान्य झाला नाही. म्हणून ते स्मशानात गेले नाहीत. संस्कृत येत नसलेल्या आईने गीतेचा मराठी अनुवाद त्यानेच करावा, असे मुलाला पूर्वी सुचवले होते. विनोबांची ''गीताई'' १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली.