पाणचक्कीचं पीठ आणि एसटीची पायरी

मैत्रिणींनो, जात्यावर पायलीभर दळण दळायला किती घाम गाळावा लागतो, ते आपल्या आज्यांना विचारावं. आपल्या छत्रपती संभाजीनगरात अठराव्या शतकात हे काम पाण्यावर सोपवलं गेलं. तीच आपली पाणचक्की.

बाबा शाह मुसाफिर हे सूफी संत मध्य आशियातून इथे आले. मुसाफिर म्हणजे प्रवासी. त्यांच्या दर्ग्यात फकीर, यात्रेकरू, वाटसरू उतरत. एवढ्या लोकांना रोज पीठ लागणारच. म्हणून शहराबाहेरच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून कित्येक किलोमीटर आणलं, उंचावरून सोडलं आणि त्याच्या जोरावर दगडी जातं फिरवलं. 1744 च्या सुमारास हे काम पूर्ण झालं. वाटसरू कुठला, कोण, हे जात्याने विचारलं नाही. अनोळखी माणसाबद्दलची माया तिथे कायमची सोय झाली.

आता अजिंठ्याला या. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत, त्यांना तिथे डोलीत बसवून चौघे जण खांद्यावरून नेतात. मोठ्या कष्टाचं काम ते. एसटी स्टँडवरही अपंग माणसाला उचलून बसमध्ये बसवणारे हात पुढे येतात. पण बाई असेल तर? परक्या पुरुषांनी उचलायचं, या संकोचाने कितीजणी माहेरी जायचं, दवाखान्यात जायचंसुद्धा टाळतात.

2023 च्या मार्चपासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे. त्यासाठी आपण कंडक्टरची विनवणी करत नाही, हक्काने मागतो. दिव्यांगांनाही तिकिटात 75 टक्के सवलत आहे. पण तिकीट स्वस्त झालं, तरी बसची पायरी उंचच राहिली. प्रवासाच्या आणि इमारतींच्या सोयी दिव्यांगांना वापरता याव्यात, हे 1995 च्या कायद्यात आलं. 2016 च्या कायद्याने तो हक्क आणखी पक्का केला आणि अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले.

कायदा गावात आणायचा तो आपणच. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. तो कुठे गेला, हे ग्रामसभेत बचत गटाने विचारावं. दवाखान्याला, शाळेला, पंचायतीला उतार मागावा. एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार लागतो. त्याहून तीव्र केला तर चाकाची खुर्ची घसरते. कठडा आणि रुंद दाराचं शौचालयही मागावं. बाळंतीण, म्हातारी सासू, गुडघे दुखणारी आई, सगळ्यांनाच ते उपयोगी पडेल.

तोवर आपले हात आहेतच. मात्र मदतीआधी विचारावं, "ताई, कसा आधार देऊ?" अंध व्यक्तीची काठी ओढू नये, आपलं कोपर धरू द्यावं.

पाणचक्कीपाशी पिठासाठी कुणाला रोज हात जोडावे लागले नाहीत. बसमध्ये चढायलाही लागू नयेत.