पालघर-बोईसर: मोकळी जागा आणि मोठा कुत्रा

पालघर आणि बोईसर ही पश्चिम रेल्वेवरची गावे. त्यांच्याभोवती भातशेती, गवताची कुरणे, खाजणे आणि किनाऱ्याकडे वाड्या पसरलेल्या होत्या. या गावांत कुत्रा राखणीचा. तो वाडीत आणि खळ्यावर मोकळा हिंडे, त्याला मुद्दाम फिरवायला न्यावे लागत नसे.

१९६९मध्ये तारापूर अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे बोईसरजवळ एमआयडीसी उभी राहिली आणि नोकरदारांच्या वसाहती, चाळी, मग इमारती आल्या. एप्रिल २०१३मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. घरांची मागणी वाढली, माळरानांवर प्लॉट पडले. फ्लॅटमधल्या जर्मन शेफर्ड किंवा लॅब्रेडॉरला मात्र रोजची दौड लागतेच. अरुंद गल्ल्यांत रिक्षा आणि दुचाकींची वर्दळ असते, शिवाय प्रत्येक नाक्यावर भटक्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते.

राहतो तो समुद्रकिनारा. केळवे, शिरगाव, चिंचणी येथे ओहोटीला ओली, घट्ट वाळू उघडी पडते. तिच्यावर पंजे रुतत नाहीत. म्हणून भरती-ओहोटीची वेळ पाहूनच निघावे लागते. उन्हाळ्यात कोरडी वाळू तापण्याआधी, पहाटेच जाणे बरे. केळव्याला सुट्टीच्या दिवशी पर्यटकांची गर्दी असते, तर कोळीवाड्यांलगत मासळी वाळत घातलेली असते. अशा ठिकाणी कुत्रा पट्ट्यावरच ठेवावा लागतो.