शहापूर-मुरबाडमधील प्राथमिक शाळा आणि नकाशावाचन : एक ऐतिहासिक टिपण

प्राथमिक शाळेतील भूगोल जवळून दूर जावा, हे तत्त्व जुने आहे. स्वित्झर्लंडमध्ये पेस्तालोझीने ते आपल्या शाळेत रुजविले आणि कार्ल रिटरसारख्या भूगोलज्ञाने तेथूनच प्रेरणा घेतली. महाराष्ट्रात तिसरीसाठी जिल्हावार पुस्तके निघाली, त्यामागे हीच दृष्टी होती. प्रस्तुत लेखात ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांच्या संदर्भात या क्रमाचा विचार केला आहे.

पहिली अडचण दिशेची. भिंतीवर टांगलेल्या नकाशात उत्तर ‘वर’ असते. मुरबाडच्या मुलासाठी मात्र ‘वर’ म्हणजे घाटावर, अर्थात पूर्वेकडे. माळशेज आणि नाणेघाट तिकडे आहेत. सातवाहनकाळापासून कल्याण-जुन्नर वाहतूक याच नाणेघाटाने होत असे. पाणी वरून खाली येते, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे. वरचा पाडा आणि खालचा पाडा हा भेदही उताराचाच. असे मूल नकाशात उत्तरेला ‘वर’ म्हणते तेव्हा त्याने दिशा शिकलेली नसते, फक्त शब्द पाठ केलेला असतो. नकाशा भिंतीवरून काढून जमिनीवर, खऱ्या उत्तरेस जुळवून अंथरला तर हा घोळ बराच कमी होतो. हा उपाय बिनखर्चाचा आहे. तरीही तो क्वचितच योजला जातो, याचे आश्चर्य वाटते.

१९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेत शाळांना नकाशे व पृथ्वीगोल पुरविण्याची तरतूद झाली. साधन आले, परंतु जिल्ह्याच्या नकाशात ठळक दिसत ती प्रशासकीय सीमारेषा. या तालुक्यांचा इतिहास मात्र पाण्याचा आणि वाटांचा आहे. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे इगतपुरीस पोहोचली; आसनगाव, खर्डी, कसारा ही स्थानके असलेला शहापूर तालुका त्याआधीच मुंबईशी जोडला गेला होता. मुरबाड तालुक्यात आजही रेल्वे नाही. १८९२ मध्ये तानसा धरणाचे पाणी मुंबईस मिळू लागले. पुढे भातसा धरण झाले आणि मुंबईच्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा तेथून जाऊ लागला. उन्हाळ्यात शहापुरातील अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. जलवाहिनी ओलांडून शाळेत येणाऱ्या मुलाला ती कोठून कोठे जाते हे नकाशात बोटाने दाखविता आले, तर भूगोल त्याच्या घरचा विषय होतो. ही रेषा शिक्षकाने आवर्जून काढून घ्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यातून निघणारे प्रश्न अवघड असतील; ते टाळू नयेत.

१ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्ह्याचे विभाजन झाले. पंधरांपैकी आठ तालुके पालघरकडे गेले, सात ठाण्याकडे उरले. डहाणूपासून वसईपर्यंतचा किनारा आणि जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ प्रदेश ‘माझा जिल्हा’ या चौकटीबाहेर पडला. साहजिकच भिंतीवरचे जुने नकाशे कालबाह्य ठरले. ते फेकून देण्याऐवजी नव्यांच्या शेजारी टांगावेत. काळू आणि भातसा यांचे पाणी उल्हास नदीस मिळते, वैतरणा मात्र शहापूरजवळून पुढे पालघरमधून समुद्रास मिळते. दोन्ही नकाशांवर बोट फिरवून मुले हा फरक स्वतःच शोधू शकतात.