हैदराबाद : हवेतून तासभर, रस्त्यानं सहा दिवस

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. धाराशिवहून हैदराबाद किती लांब? नकाशावर पट्टी ठेवली तर सरळ रेषेत साधारण २७० किलोमीटर. त्याच पट्टीनं मुंबई भरते ३५० च्या आसपास. म्हणजे आपली जुनी राजधानी आजच्या राजधानीपेक्षा जवळच होती! १९४८ साली डाकोटा विमानाला एवढं अंतर तोडायला तासाभराहून फारसं जास्त लागलं नसतं. आता इथल्या शेतकऱ्याला विमान कुठलं मिळायला, हा हिशेब आपला कागदावरचा.

पण त्याच वर्षी निजामासाठी खरीखुरी विमानं उडत होती. सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री शस्त्रं घेऊन यायचा. कराची ते बिदर सरळ रेषेत तेराशे किलोमीटरच्या वर, त्याच्या लँकेस्ट्रियन विमानाला चारेक तास. भारतानं संस्थानाची नाकेबंदी केली होती, पण ती जमिनीवर. आकाशाला नाका कसा घालणार?

जमिनीवरची गोष्ट वेगळी. सोलापूरहून हैदराबादला जाणारा रस्ता नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद असा जातो, तीनशे किलोमीटरचा. धाराशिवचा माणूस तुळजापूरवरून नळदुर्गला येऊन याच रस्त्याला लागतो. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधुरींचं सैन्य सोलापूरहून याच रस्त्यानं निघालं. पहिली अडचण नळदुर्गला, बोरी नदीवरच्या पुलाची. पूल उडवला गेला असता तर रणगाडे अलीकडच्या काठावरच अडले असते. तो शाबूत हाती आला आणि वाट मोकळी झाली. वरून पुण्याची टेम्पेस्ट विमानं मदतीला होती. पुढे सुरुंगांनी वेग कमी केला. १७ तारखेला निजामानं शस्त्रसंधी जाहीर केली, १८ ला चौधुरी हैदराबादेत पोचले. तासाभराच्या अंतराला सहा दिवस.

आपण १७ सप्टेंबरला झेंडावंदन करतो, आणि करायलाच हवं. रझाकारांनी या भागातल्या गावांचं जे केलं ते विसरण्यासारखं नाही. पण फौज रस्त्यानं पुढे निघून गेली, आणि मागे राहिलेल्या गावांत काय झालं, हे आपण सहसा बोलत नाही. पंडित सुंदरलाल यांची समिती त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संस्थानात फिरली. सर्वाधिक होरपळलेले चार जिल्हे तिनं नोंदवले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. या चार जिल्ह्यांत मिळून सुमारे अठरा हजार माणसं मारली गेली, असा तिचा अंदाज. मेलेले बहुतांशी मुसलमान होते. आकड्यावर वाद घालता येईल, जिल्ह्याचं नाव मात्र यादीतून निघत नाही. हा अहवाल कित्येक दशकं सरकारी दप्तरातच पडून राहिला.

आपल्याकडची म्हातारी माणसं अजूनही ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात. कुणाचा जन्म कधीचा, तर पोलीस ॲक्शनच्या आधीचा की नंतरचा. पण त्या दिवसांत शेजारच्या घरात काय झालं असं विचारलं, की बोलणं हळू होतं आणि विषय पावसावर जातो.