साताऱ्याचा वकील लंडनात

मंडळी, वकील म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कोर्टातला काळा डगला येतो. मराठेशाहीत मात्र वकील म्हणजे एका दरबाराची बाजू दुसऱ्या दरबारात मांडणारा माणूस. रंगो बापूजी गुप्ते हे असे वकील. घराणे रोहिडखोऱ्याच्या देशपांड्यांचे. शिवरायांचे सुरुवातीचे सोबती दादाजी नरस प्रभू हे त्यांचे पूर्वज.

१८१९ साली कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी तह केला. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, खानापूर हे मुलूखही तेव्हा सातारच्याच राज्यात. पुढे वीस वर्षांनी त्याच कंपनीने महाराजांवर कटाचे किटाळ आणले. म्हणे गोव्याच्या पोर्तुगिजांशी संधान बांधले, पलटणीतले शिपाई फितवले! दोष कबूल केल्याचा कागद सही करून द्या, गादी राहील, असे मुंबईचे गव्हर्नर कारनॅक यांनी सुचवून पाहिले. महाराज नाही म्हणाले. १८३९ मध्ये त्यांची रवानगी काशीला झाली.

मग हा दावा घेऊन रंगो बापूजी विलायतेला गेले. कशाच्या जोरावर, असे तुम्ही विचाराल. कंपनी पडली व्यापाऱ्यांची. तिचे भागधारक सभेत कारभाऱ्यांना जाब विचारू शकत. रंगोबांनी हीच फट हेरली. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्प्सन यांसारखे बोलके लोक त्यांनी आपल्या बाजूला वळवले, अर्जामागून अर्ज केले, पुस्तिका छापवल्या. सभांतून सातारा गाजू लागला. पण मतमोजणीत दर वेळी पारडे कारभाऱ्यांकडेच झुकायचे. शिक्षक मंडळींनी हे मुलांना जरूर सांगावे : आपला हा माणूस इंग्रजांशी त्यांच्याच कायद्याच्या हत्याराने, त्यांच्याच राजधानीत लढत होता.

आणि दैव पाहा. १८४७ मध्ये महाराज काशीला वारले. १८४८ मध्ये गादीवरचे त्यांचे बंधू शहाजी निपुत्रिक गेले. डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. राजा नाही, राज्य नाही, तरी वकील आणखी पाच वर्षे तिथेच! कर्जात बुडून १८५३ मध्ये ते परतले. कागदावरचा त्यांचा विश्वास तोवर उडाला असावा, असे मला वाटते. कारण १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव करणाऱ्यांत ते होते.

बेत फुटला. त्या सप्टेंबरात साताऱ्याच्या गेंडा माळावर सतरा जणांना देहदंड झाला. त्यांत रंगोबांचा मुलगा सीताराम होता. बापावर सरकारने बक्षीस लावले. ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. रंगो बापूजी जे निसटले, ते पुन्हा इंग्रजांच्या हाती लागले नाहीत.